मशीनखाली काळी पावडर सांडतेय? पुसायच्या आधी जरा थांबा

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत, मशीनमधून डेव्हलपर, म्हणजे आतली काळी पावडर, गळतो. झेरॉक्स मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास कधी ना कधी झालेला असतो, आणि बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो तो म्हणजे पुसून घ्यायचं, वरून थोडी पावडर टाकायची आणि मशीन चालू करायचं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण सांडलेली पावडरच सांगत असते की बिघाड कुठे आहे आणि आपण ती नीट न बघताच पुसून टाकतो. म्हणून आजचं पूर्ण सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न: आमच्या ऑफिसात मोठं ब्लॅक अँड व्हाइट मशीन आहे, रोज साधारण 800 ते 1000 कॉप्या निघतात. गेले दोन महिने पुढचं दार उघडलं की खाली काळी पावडर दिसते आणि कॉपीच्या एका कडेला उभा मळकट पट्टा येतो. सर्व्हिसवाले येतात, साफ करतात, म्हणतात डेव्हलपर लीक आहे. दोन वेळा नवीन डेव्हलपर टाकून झाला, दहा-पंधरा दिवस बरं चालतं आणि परत तेच. दर वेळी डेव्हलपर टाकणं हाच उपाय आहे का? मला मशीनमधलं फार कळत नाही, ऑफिसचं सगळं मेंटेनन्स बघणं माझ्याकडे आहे म्हणून विचारतेय.

उत्तर: ताई, डेव्हलपर टाकणं हा गळतीवरचा उपाय नाहीच. टाकीला भोक पडलंय आणि आपण वरून पाणी भरत बसलोय असा प्रकार झालाय हा.

आधी डेव्हलपर म्हणजे काय ते सांगतो कारण यातच सगळी मेख आहे. टोनर आणि डेव्हलपर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे दोन्हीला सरसकट पावडर म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. टोनर म्हणजे कागदावर उमटणारी बारीक काळी पावडर, तिचा एक कण साधारण 5 ते 10 मायक्रॉनचा. डेव्हलपरमध्ये या टोनरबरोबर कॅरिअर असतो, म्हणजे लोहयुक्त बारीक दाणे ज्यांच्यावर प्लास्टिकसारखा पातळ थर दिलेला असतो, आणि हे दाणे टोनरपेक्षा बरेच मोठे, 30 ते 100 मायक्रॉनच्या घरातले. हे मिश्रण ज्या डब्यात असतं त्या डेव्हलपर युनिटमधले स्क्रू ते सतत घुसळत राहतात, घासल्यामुळे टोनरवर विजेचा चार्ज येतो आणि तो कॅरिअरला चिकटतो. मग मॅग रोलर, म्हणजे आत चुंबक असलेला रोलर, हे टोनर चिकटलेले दाणे ओढून घेतो आणि ड्रमसमोर नेतो, म्हणजे ज्याच्यावरून टोनर कागदावर उतरतो त्या नळकांड्यासमोर, टोनर ड्रमवर जातो आणि कॅरिअर रिकामा होऊन परत आत येतो. वजनाने बघितलं तर टोनर मिश्रणात साधारण 4 ते 10 टक्केच असतो, बाकी सगळा कॅरिअर.

आता यातून काय कळतं बघा. टोनर खर्च होतो, कॅरिअर खर्च होत नाही. तो जुना होतो, त्याच्यावरचा थर झिजतो, पण कमी होत नाही. त्यामुळे युनिटमधला डेव्हलपर कमी भरला तर तो कुठून तरी बाहेर पडलाय एवढंच त्याचा अर्थ, आणि कुठून ते शोधल्याशिवाय नवीन टाकणं म्हणजे पुढच्या गळतीची सोय.

शोधायचं कसं? मशीन बंद करा, प्लग काढा, आणि सांडलेली पावडर पुसायच्या आधी एक साधं लोहचुंबक पातळ पिशवीत गुंडाळून तिच्याजवळ न्या. कॅरिअर असेल तर साळिंदराच्या काट्यांसारखी उभी राहून पिशवीला चिकटेल. नुसता टोनर असेल तर सहसा तशी चिकटणार नाही. हातमोजा घालून चिमटीत घेतली तर कॅरिअर बारीक वाळूसारखा खरखरीत लागतो, टोनर टाल्कम पावडरसारखा गुळगुळीत. एकच लक्षात ठेवा, काही मशीनमध्ये वेगळा डेव्हलपर नसतोच आणि टोनरच चुंबकीय असतो, तिथे ही परीक्षा चालत नाही, पण तुमच्या मशीनमध्ये डेव्हलपर टाकलाय म्हणजे तुमचं मशीन त्यातलं नाही.

पावडर चिकटली नाही तर डेव्हलपर युनिटला दोष देऊच नका. मग टोनर कार्ट्रिजच्या तोंडाचं शटर किंवा त्याचं स्पंज सील बघायला लागेल, नाहीतर ड्रम पुसणारं क्लीनिंग युनिट आणि उरलेला टोनर जमा होणारी वेस्ट बॉटल. वेस्ट टोनर वाहून नेणारा स्क्रू अडकला की मागचा सगळा टोनर तुंबतो आणि ड्रमच्या टोकांकडून खाली पडायला लागतो. माझ्या बघण्यात डेव्हलपर लीक म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी शेवटी वेस्टच्याच निघाल्यात.

चिकटली तर मग ती कुठे पडलीय ते बघा. तुमच्या कॉपीला एकाच कडेला पट्टा येतोय म्हणून माझा पहिला संशय मॅग रोलरच्या टोकाच्या सीलवर आहे. रोलरच्या दोन्ही टोकांना फोमची किंवा फेल्टची छोटी सीलं असतात, ती दाबून दाबून बसतात, कडक होतात, कधी आधीच्या कामात नीट न चिकटवल्याने सरकतात, आणि मग डेव्हलपर टोकाकडून हळूहळू बाहेर येतो. पट्टा न येता पूर्ण रुंदीभर कुठेही काळे थेंब पडत असतील तर युनिटच्या तोंडाची पातळ प्लास्टिक शीट वाकलीय का ते बघायचं. आणि पावडर पुढे नसून मागे गिअरच्या बाजूला असेल तर स्क्रूच्या शाफ्टचं सील गेलंय, ते सगळ्यात वाईट कारण दाणे बेअरिंगमध्ये शिरतात.

तुमच्या सर्व्हिसवाल्यांना एवढंच सांगा की युनिट बाहेर काढून पूर्ण साफ करा, परत बसवा, 100 कॉप्या काढा आणि लगेच उघडून पहिला ठिपका कुठे पडलाय ते मला दाखवा. जिथे पहिला ठिपका तिथलं सील. दोन्ही टोकांची सीलं एकदमच बदलून घ्या, एक गेलं की दुसरंही त्याच वयाचं असतं. आणि ड्रम नीट बघायला सांगा, कॅरिअरने त्याच्यावर चरे पाडले असतील तर पट्टा सील बदलूनही जाणार नाही आणि मग सगळे म्हणतील की सील बदलून काय उपयोग झाला.

प्रश्न: सर मी नवीन आहे या लाइनमध्ये, 8 महिने झाले. एका मशीनचा डेव्हलपर जुना झाला होता, कॉपी फिकट येत होती म्हणून मी नवीन टाकला. टाकल्यावर कॉपी एकदम काळी यायला लागली, बॅकग्राउंड पण काळपट, आणि दोन दिवसात आतमध्ये सगळीकडे पावडर उडालेली. सीलं मी बघितली, चांगली आहेत. माझं काय चुकलं असेल? सिनियर म्हणतात डेव्हलपर डुप्लिकेट होता.

उत्तर: अरे, डुप्लिकेट असूही शकेल, पण तू लिहिलेल्यात मला एक गोष्ट कुठेच दिसली नाही, नवीन डेव्हलपर टाकल्यावर सर्व्हिस मोडमध्ये जाऊन डेव्हलपरचं इनिशियल सेटिंग केलंस का? पत्रात ते नाही म्हणजे बहुतेक राहिलंय.

युनिटच्या तळाशी टीडी, म्हणजे टोनर डेन्सिटी, सेन्सर असतो. तो टोनर मोजत नाही, तो समोरच्या मिश्रणाची चुंबकीय घनता बघतो. लोहाचे दाणे जास्त म्हणजे टोनर कमी, दाणे कमी म्हणजे टोनर जास्त, असा उलटा हिशोब. नवीन डेव्हलपरमध्ये टोनरचं प्रमाण कंपनीने ठरवून दिलेलं असतं, इनिशियल सेटिंगमध्ये मशीन ते वाचतं आणि हेच आपलं योग्य प्रमाण असं लक्षात ठेवतं. तू ते केलं नाहीस तर मशीनकडे जुन्या डेव्हलपरचाच आकडा राहतो, त्याला नवीन मिश्रण बघून वाटतं की टोनर कमी आहे आणि ते टोनर ओतत सुटतं. कॅरिअरच्या दाण्यावर टोनर बसायला जागा तेवढीच असते, जास्तीच्या टोनरला चार्जच मिळत नाही, आणि चार्ज नसलेला टोनर रोलर फिरला की धुरळ्यासारखा उडतो. बॅकग्राउंड काळपट येतं ते यानेच. वर मिश्रणाचं आकारमान वाढतं आणि चांगल्या सीलवरूनसुद्धा ते बाहेर यायला बघतं, म्हणून तुला सीलं चांगली दिसली.

आता घाईने सेटिंग करू नकोस, ही चूक बरेच जण करतात. आत्ता सेटिंग केलंस तर टोनरने भरलेलं मिश्रण हेच योग्य असं मशीन कायमचं धरून बसेल. आधी टोनरचा पुरवठा बंद करून गडद कॉप्या काढत प्रमाण खाली आणता येतं, पण दोन दिवस एवढं उडालंय तर माझं मत विचारशील तर हा डेव्हलपर काढून टाक आणि नवा टाकून पहिल्यापासून नीट कर. जुना काढताना स्क्रूच्या कोपऱ्यातला पण निघाला पाहिजे. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तेवढंच वजन टाकायचं, थोडं जास्त टाकलं तर जास्त दिवस चालेल असं काही नसतं. टाकताना एका जागी न ओतता रोलरच्या लांबीभर सारखा पसरत, गिअर हाताने फिरवत टाकायचा, आणि गिअर फिरवायचा तो मशीन चालताना फिरतो त्याच दिशेने. उलटा फिरवलास तर डेव्हलपर डॉक्टर ब्लेडच्या, म्हणजे रोलरवरचा थर सारखा करणाऱ्या पट्टीच्या, मागून बाहेरच्या बाजूला येतो, तुझ्या हातात असतानाच गळती सुरू. आणि इनिशियल सेटिंग पूर्ण होईपर्यंत वरून टोनर अजिबात टाकायचा नाही.

बॅकग्राउंड काळपट नसताना नुसताच धुरळा दिसला तर दोन गोष्टी आणखी बघत जा. युनिटला हवा बाहेर जायला जागा असते, तिथे फिल्टर असतो किंवा डक्टमधून फॅन ती हवा ओढून घेतो. फिरणारा रोलर आत सतत हवा खेचत असतो, ती बाहेर जायची वाट तुंबली की हवा फटींमधून टोनर घेऊनच बाहेर पडते. फिल्टर हा बदलायचा भाग आहे, झटकून परत लावायचा नाही. दुसरं म्हणजे त्या ऑफिसात काय छापलं जातं ते विचार. महिनोन्महिने हलका मजकूर आणि मग एकदम एका दिवशी काळ्या बॅकग्राउंडच्या शेकडो कॉप्या असं झालं तर नवा टोनर नीट घुसळला जायच्या आधीच रोलरवर जातो. दमट हवेत चार्ज मुळातच कमी बसतो, त्यामुळे अशा दिवसांत हे जास्त होतं. बऱ्याच मोठ्या मशीनमध्ये ओलावा घालवणारा हीटर लावायची सोय असते, तो असेल तर मशीन रात्री स्विचने बंद केलं तरी प्लग चालू ठेवायला सांग.

तू चूक झाली हे स्वतःहून लिहून विचारलंस ते मला फार आवडलं.

प्रश्न: गडद काळ्या भागात छोटे पांढरे गोल ठिपके येतात आणि मध्ये बारीक काळा टिंब, शिवाय कॉपी थोडी फिकट. ड्रमवर हात लावला तर बारीक खर लागते. सीलं बदलली तरी फरक नाही.

उत्तर: पहिल्यांदा सांगतो, ड्रमला बोट लावू नका, बोटाचा तेलकट डाग कॉपीवर उमटतो.

हे सीलमधून गळणं नाही. कॅरिअर मॅग रोलरवरून उडी मारून ड्रमवर जातोय. तो दाणा टोनरपेक्षा मोठा, त्यामुळे कागद तेवढ्यापुरता ड्रमपासून उचलला जातो, आजूबाजूला टोनर उतरत नाही आणि पांढरं वर्तुळ राहतं. पुढे तोच दाणा क्लीनिंग ब्लेडखाली अडकून ड्रमवर रेघ ओढतो.

कारण बहुतेक वेळा व्होल्टेजमध्ये असतं. ड्रमचा चार्ज आणि डेव्हलपरचं बायस, म्हणजे मॅग रोलरला दिलेलं व्होल्टेज, यात ठरावीक अंतर लागतं, अनेक मशीनमध्ये ते 100 ते 200 व्होल्टच्या आसपास असतं. अंतर कमी पडलं तर टोनर बॅकग्राउंडला जातो, फार वाढलं तर कॅरिअर ओढला जातो. तुमच्याकडे कॉपी पण फिकट आहे, म्हणजे बायसच नीट पोचत नसावं. युनिटवर बायसची स्प्रिंग किंवा पत्रा असतो तो स्वच्छ आहे का, दाबून बसतोय का, हे पहिलं बघा. तो ठीक असेल तर मिश्रणात टोनर फार कमी झालाय का ते बघा, आणि डेव्हलपरचं आयुष्य संपलं असेल तर दाण्यावरचा थर झिजलेला असणार, तिथे बदलणं हाच मार्ग आहे.

प्रश्न: मशीन एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेलं. नेल्यापासून किर्रर्र आवाज येतो आणि एका बाजूने पावडर पडते. आधी काहीच त्रास नव्हता. थोडं चालवलं तर बसेल का आपोआप?

उत्तर: नाही बसणार, आणि कृपा करून चालवू नका. डेव्हलपर युनिट वरून झाकलेलं दिसलं तरी मॅग रोलरच्या बाजूला उघडंच असतं. जिन्यावरून नेताना मशीन तिरकं झालं की सगळं मिश्रण एका टोकाला जातं आणि तिथून सीलच्या वरून सांडतं, ड्रमवर, गिअरवर, चार्ज रोलरवर. किर्रर्र आवाज बहुतेक गिअरमध्ये किंवा बेअरिंगमध्ये दाणे गेल्याचा आहे. असंच चालवलं तर बेअरिंग गरम होतं, टोनर तिथे वितळून गोळा होतो आणि एक दिवस गिअरचे दात तुटतात. मी अशा अवस्थेत आलेली युनिटं उघडलीत, शाफ्टवर वितळलेला टोनर दगडासारखा बसलेला असतो आणि मग सीलच्या कामाचं पूर्ण युनिटचं काम होतं, फक्त दोन दिवस थांबायचं राहिलं म्हणून.

टेक्निशियनला बोलवा, युनिट काढून साफ होईल, डेव्हलपर किती उरलाय ते वजनावर कळेल. बसवल्यावर मशीन समपातळीत आहे का ते गवंड्याकडे असते तशा पाणसळीने बघून घ्या, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे दोन्ही. एका बाजूला कललेल्या मशीनमध्ये मिश्रण एका टोकाला साचत राहतं आणि नवी सीलं पण टिकत नाहीत. पुढच्या वेळी मशीन हलवायचं झालं तर आधी डेव्हलपर युनिट, टोनर आणि वेस्ट बॉटल काढून वेगळी न्यायची, युनिट आडवं आणि सपाट धरून, ड्रम उजेड लागणार नाही असा काळ्या कापडात.

प्रश्न: सांडलेली पावडर साफ करताना घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढली तर चालेल का? माझ्या शर्टवर पण पडलीय.

उत्तर: अजिबात नको. टोनर एवढा बारीक असतो की साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून आरपार जाऊन मागून खोलीभर पसरतो, आणि बारीक पावडर मोटरच्या ठिणगीने पेटूही शकते. टोनरसाठी वेगळा बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम येतो तोच वापरायचा. तो नसेल तर ओलसर कापडाने हलकेच टिपून घ्या, मशीनच्या आत मात्र कोरडं न धागे सुटणारं कापड. फुंकर मारू नका, हवेच्या प्रेशरने उडवू नका, मास्क लावा, खिडकी उघडा. जमा झालेली पावडर पिशवीत तोंड बांधून टाका, जाळायची तर कधीच नाही.

शर्ट बाहेर नेऊन आधी कोरडाच झटका आणि मग थंड पाण्याने धुवा. गरम पाणी लावलंत की टोनर मऊ होऊन धाग्यात बसतो, मशीनमध्ये कागदावर तो उष्णतेनेच पक्का होतो, तेच शर्टवर होईल. इस्त्री पण डाग पूर्ण गेल्यावरच.

प्रश्न: आमच्या कलर मशीनमध्ये डेव्हलपर बदलावाच लागत नाही असं सांगितलं होतं. तरी खालच्या बाजूला पावडर जमते. शिवाय पिवळा रंग हल्ली हिरवट येतो. दोन्हीचा संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो. तुमचं मशीन अशा पद्धतीचं दिसतंय ज्यात टोनरच्या बाटलीतच थोडा नवीन कॅरिअर मिसळलेला असतो, तो थोडा थोडा आत येत राहतो आणि जुना मिश्रणाबरोबर ओसंडून वेस्टच्या वाटेने बाहेर जातो. म्हणजे वर मी म्हटलं की डेव्हलपर कमी झाला तर तो गळलाच, त्याला हा अपवाद, इथे बाहेर जाणं ठरवूनच केलेलं असतं. पण ती बाहेर जायची वाट तुंबली की मिश्रण वाढत जातं आणि सीलवरून यायला लागतं. म्हणून अशा मशीनमध्ये सील उघडायच्या आधी वेस्टची नळी, तिचा स्क्रू आणि बॉटल नीट बसलीय का हे बघायचं. बॉटल भरल्यावर ती रिकामी करून परत लावायची सवय काही ऑफिसात असते, ती बंद करा, सेन्सरची खिडकी काळवंडते आणि बॉटल भरली हे मशीनला कळतच नाही.

पिवळ्याचं म्हणाल तर पिवळ्यात निळा टोनर गेलाय. दोन युनिटं शेजारी असली आणि एकातून धुरळा उडत असला की दुसऱ्याच्या तोंडात जातो, आणि पिवळा सगळ्यात फिका असल्याने त्यात पहिल्यांदा दिसतो. एकदा मिसळला की तो वेगळा करता येत नाही, पिवळ्याचा डेव्हलपर बदलावाच लागणार, तुमच्या मशीनमध्ये बदलायचा नसतो असं सांगितलं असलं तरी. मात्र आधी निळ्याची गळती बंद करून घ्या, त्या युनिटवर 200-300 कॉप्या काढून धुरळा थांबलाय याची खात्री करा आणि मगच पिवळ्याला हात लावायला सांगा.